जॉन मोझेस ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग (जन्म : ऑग्डेन, युटा, २३ जानेवारी, १८५५, मृत्यू : हर्स्टाल, बेल्जियम, २६ नोव्हेंबर, १९२६) हे अमेरिकन शस्त्रसंशोधक होते. नळीला वरून झाकणारी व मागेपुढे सरकणारी स्लाइड आणि तिला परत जागेवर आणणारी स्प्रिंग, ही स्वयंभरणी पिस्तुलाची आज रूढ असलेली रचना मुख्यतः त्यांची आहे. त्यांच्या नावावर १२८ एकस्वे आहेत.

==जीवन==
वडील जोनाथन हे बंदुका बनवीत. जॉन त्यांच्याच कारखान्यात शिकले. १८७९ साली मिळालेले पहिले एकस्व एकबारी रायफलीचे होते. ते विंचेस्टर कंपनीने विकत घेतले. पुढे स्वामित्वधनावरून या कंपनीशी त्यांचे बिनसले. पिस्तुलांसाठी मात्र त्याआधीच बेल्जियममधील एफएन आणि अमेरिकेतील कोल्ट या कंपन्या त्यांना लाभल्या होत्या.

==धक्का आणि स्प्रिंग==
गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग पिस्तुलाला मागे ढकलतो. हा धक्का ब्राउनिंग यांनी कामाला लावला : मागे जाणारी स्लाइड रिकामे काडतूस बाहेर टाकते आणि दबलेली स्प्रिंग तिला पुढे ढकलताना नवे काडतूस नळीत भरते. स्प्रिंगची जागा त्यांनी अनेकदा बदलली. १९०० च्या पिस्तुलात ती नळीच्या वर, १९०३ च्या पिस्तुलात खाली, तर १९१० च्या पिस्तुलात नळीभोवती गुंडाळलेली आहे. .४५ व्यासाच्या एम १९११ ने लष्करी चाचणीत ६,००० गोळ्या न अडता झाडल्या. त्यानंतर अमेरिकी सैन्याने ते स्वीकारले.

एम १९११ ची मूळ स्प्रिंग सुमारे १६ पौंडांची असते. धक्का सौम्य व्हावा म्हणून अनेक नेमबाज बाजारातील अधिक कडक किंवा दुहेरी स्प्रिंग बसवतात. त्यामुळे एकूण संवेग घटत नाही. तो हातावर कसा व किती वेळात पोहोचतो, एवढेच बदलते. कडक स्प्रिंगमुळे स्लाइड चौकटीवर कमी जोराने आदळते, पण परतताना अधिक जोराने येऊन पिस्तुलाचे तोंड खाली झुकवते. स्प्रिंग फारच कडक असली तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि काडतूस अडकते. हा तोल साधण्यातच ब्राउनिंग यांचे खरे कौशल्य दिसते.

==नाशिक प्रकरण==
स्प्रिंग आतच सामावल्याने त्यांची छोटी पिस्तुले चपटी व लपवायला सोपी होती. १९०९ साली विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून भारतात धाडली. २१ डिसेंबर, १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या अशाच पिस्तुलातून. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल, १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत पोहोचून सावरकरांनाही अटक झाली.

==अखेर==
ब्राउनिंग यांचे निधन हर्स्टालच्या एफएन कारखान्यातच, नव्या पिस्तुलाच्या आराखड्यावर काम चालू असताना झाले. ते पिस्तूल द्यूदोने सेव्ह यांनी पूर्ण केले व १९३५ साली ‘हाय-पॉवर’ नावाने ते प्रचारात आले. भारतात ते ९ मिमी १ए या नावाने इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होऊ लागले.