कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज : टिळक-आगरकर ज्यांच्यासाठी तुरुंगात गेले, त्या तरुण राजाचं पुढं काय झालं?

टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. कोल्हापूरच्या दिवाणाची बदनामी केली म्हणून शिक्षा झाली, एवढंही आठवतं. पण हे सगळं प्रकरण ज्या पोराच्या काळजीतून उभं राहिलं, तो पोरगा कोण होता आणि त्याचं पुढं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्याचं नाव नारायणराव भोसले. सावंतवाडीकडच्या भोसले घराण्यात ५ एप्रिल १८६३ रोजी त्याचा जन्म झाला. १८७० साली कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. त्यांना मुलगा नव्हता. मग दत्तक घ्यायचं ठरलं आणि १८७१ मध्ये आठ वर्षांचा नारायणराव चौथे शिवाजी महाराज म्हणून कोल्हापूरच्या गादीवर बसला.

जन्माचं घर सुटलं आणि नाव बदललं. भोवती आले ते कारभारी, शिक्षक आणि इंग्रज अधिकारी. राजा अल्पवयीन असल्यामुळे कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालायचा. १८७७ च्या दिल्ली दरबारालाही महाराज हजर होते. तेव्हा ते अवघे तेरा वर्षांचे होते.

त्यानंतरच्या काही वर्षांतच महाराजांची मनःस्थिती बिघडल्याचं बोललं जाऊ लागलं. सरकारचं म्हणणं होतं की राजाला वेड लागलंय, तो कारभार करू शकणार नाही. लोकांचं म्हणणं वेगळं होतं. महाराज चांगले आहेत, त्यांचा छळ करून त्यांना वेडं ठरवलं जातंय, अशी चर्चा कोल्हापुरापासून पुण्यापर्यंत सुरू झाली. संशयाची सुई होती दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर.

यात खरं काय, हे आज छातीठोकपणे सांगणं अवघड आहे. कदाचित मुलगा खरंच आजारी असेल आणि वागणूकही वाईट मिळत असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण त्या वेळी वाद दोनच टोकांवर अडकला होता. राजा वेडा आहे की नाही? त्याला आत्ता काय हवंय, हा प्रश्न मागंच राहिला.

१८८१ मध्ये केसरी आणि मराठा ही वृत्तपत्रं सुरू झाली होती. पंचविशीतल्या टिळक-आगरकरांनी महाराजांची बाजू लावून धरली. बर्व्यांच्या विरोधातली काही पत्रं छापली गेली. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्याआधी जामिनाचे १० हजार रुपये भरले ते महात्मा फुल्यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी.

तुरुंगातल्या दिवसांत आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा अनुवाद करायला घेतला. १८८३ मध्ये तो विकारविलसित या नावानं प्रसिद्ध झाला. हॅम्लेट म्हणजे असा तरुण राजपुत्र, ज्याचं वेड खरं की खोटं याचीच चर्चा दरबारात चाललेली असते.

२६ ऑक्टोबर १८८२ ला दोघं सुटले. तुरुंगाबाहेर त्यांच्या स्वागताला गर्दी जमली होती.

महाराज मात्र सुटले नाहीत. १८८२ मध्येच त्यांना कोल्हापूरपासून लांब, नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं गेलं. राज्याचा कारभार रीजंट म्हणून कागलचे जयसिंगराव घाटगे पाहू लागले. महाराजांच्या देखरेखीला ग्रीन नावाचा गोरा सोल्जर होता. आजारी माणसाची शुश्रूषा करणं हे काही सोल्जरचं काम नव्हे. पण त्या काळी वेड लागलेल्या माणसाला आवरायचं आणि कोंडायचं, हीच रीत होती. राजासाठीही त्याहून वेगळी व्यवस्था झाली नाही.

२५ डिसेंबर १८८३ ला किल्ल्यात ग्रीन आणि महाराज यांच्यात झटापट झाली आणि त्यात महाराजांचा मृत्यू झाला. तेव्हा ते फक्त २० वर्षांचे होते.

मार्च १८८४ मध्ये त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी कागलच्या घाटग्यांचा मुलगा यशवंतराव दत्तक घेतला. हेच पुढचे राजर्षी शाहू महाराज. तेही लहानपणीच दत्तक आले, त्यांच्याभोवतीही इंग्रज अधिकारी होते. पण त्यांना राजकोट आणि धारवाडला शिक्षण मिळालं, जीव लावणारे शिक्षक आणि सोबती मिळाले. १८९४ मध्ये त्यांनी राज्याची सूत्रं हाती घेतली, तेव्हा त्यांना विसावं वर्ष चालू होतं. एकाच गादीवरच्या दोन तरुणांपैकी एकाचं आयुष्य विशीत सुरू झालं आणि दुसऱ्याचं विशीतच संपलं.

आज वैद्यकशास्त्र सांगतं की जवळपास निम्मे मानसिक आजार चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे शाळा संपते, कॉलेज, नोकरी, लग्नाच्या गोष्टी सुरू होतात, नेमकी तीच वर्षं. चौथे शिवाजी महाराज याच वयात सगळ्यात एकटे पडले होते.

कायदा मात्र आता बदललाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला साखळदंडानं बांधायला आणि एकटं कोंडून ठेवायला मनाई केली आहे. अल्पवयीन रुग्णाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि त्याच्याजवळ पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस थांबावं लागतं. अठरा पूर्ण झाली की स्वतःवर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे त्याला आधीच लिहून ठेवता येतं. आपल्या वतीनं कुणी बोलायचं, तो माणूसही तो स्वतः निवडू शकतो.

पण कायदा घरात येऊन बसत नाही. आज सोलापुरातल्या एखाद्या घरात बारावीचं पोर अचानक गप्प झालं, झोपेना, भलतंच बोलू लागलं, तर पहिला सवाल अजूनही तोच असतो. नाटक करतंय की वेड लागलंय? मग कुणी बाहेरची बाधा बघायला नेतं, कुणी लग्न लावून द्या म्हणतं. खरं तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढता येतो. १४४१६ या टेली-मानसच्या मोफत सरकारी नंबरवर कुठल्याही वेळी फोन करून मराठीत बोलता येतं.

चौथ्या शिवाजी महाराजांसाठी भांडणारे पुष्कळ होते. त्यांच्यासाठी वृत्तपत्रं लढली, माणसं तुरुंगात गेली. किल्ल्यातल्या त्या खोलीत त्यांच्याजवळ बसायला मात्र आपलं कुणी नव्हतं.