आंग सान आणि परकी शस्त्रे

१९१५ च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशातील नटमौक येथे आंग सान यांचा जन्म झाला, तेव्हा त्या देशाचा अखेरचा राजा थिबा रत्नागिरीस इंग्रजांच्या कैदेत दिवस कंठीत होता. रंगून विद्यापीठातील १९३६ च्या संपाने आंग सान हे नाव देशभर झाले. १९४० मध्ये ते रामगढ काँग्रेसलाही येऊन गेले. पण सत्याग्रहाची वाट त्यांना पुरेशी वाटली नाही. अटकेचा हुकूम सुटताच ते वेष पालटून जहाजाने चीनमधील अमॉय बंदरी पोचले. तेथे त्यांना गाठले ते जपानी लष्कराच्या माणसांनी.

पुढे कर्नल सुझुकी यांच्या देखरेखीखाली तीस ब्रह्मी तरुणांना हैनान बेटावर लष्करी शिक्षण मिळाले आणि डिसेंबर १९४१ मध्ये बँकॉक येथे मुक्तिसेना उभी राहिली. जपान्यांना हवा होता तो चीनचा रसद-मार्ग तोडण्यास उपयोगी पडणारा ब्रह्मदेश; स्वतंत्र ब्रह्मदेश ही त्यांची निकड नव्हती. रंगून पडले आणि जपानी लष्करी अंमल सुरू झाला. १९४३ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य जाहीर झाले, आंग सान युद्धमंत्री झाले. सत्ता मात्र जपानी सेनापतींकडेच राहिली. सुभाषबाबूंना समजून घेणाऱ्या भारतीय वाचकाने या तरुणाला घाईने दोष देऊ नये. २७ मार्च १९४५ रोजी त्यांनी तीच सेना जपानवर उलटविली. ब्रिटिशांपैकी अनेकांना ते फितूर वाटत होते; माउंटबॅटन यांनी मात्र त्यांच्याशी जुळवून घेतले.

खरे मोल वेगळ्याच ठिकाणी द्यावे लागले. या सेनेत भरणा मुख्यतः बर्मी लोकांचा होता, तर करेनांपैकी पुष्कळजण इंग्रजांशी एकनिष्ठ होते. १९४२ मध्ये इरावतीच्या खोऱ्यात या दोहोंत रक्तपात झाला. दोन परकी सत्तांच्या युद्धाने एका देशातील शेजाऱ्यांची अशी वाटणी केली. फेब्रुवारी १९४७ मध्ये पांगलाँग येथे आंग सान यांनी शान, काचिन व चिन पुढाऱ्यांना एकत्र आणले; त्या करारावर करेनांची सही नाही. १९ जुलै १९४७ रोजी मंत्रिमंडळाच्या बैठकीतच मारेकऱ्यांनी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. वय अवघे बत्तीस.

४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला. वर्षभरातच करेनांचे बंड पेटले. २ मार्च १९६२ रोजी ज्या सेनापतीने लोकनियुक्त सरकार उलथून टाकले, ते ने विन हैनान बेटावरील त्या तिसांपैकीच एक होते.