झाशीच्या राणीचा नित्यनियम

झाशीची राणी म्हटले की पाठीशी मूल बांधून घोडा फेकणारी वीरांगना डोळ्यांसमोर येते. शाळेच्या स्नेहसंमेलनात लहान मुली तीच भूमिका करतात, आणि ते योग्यच आहे. पण 1851 ते 1854 या वर्षांत लक्ष्मीबाई ज्या घरात राहत होत्या, त्या घराविषयी आपण फारसे बोलत नाही. तान्हे मूल गेलेले, पती मनाने आणि शरीराने खचलेले, आणि उद्या काय होणार याची टांगती तलवार. आपल्या कितीतरी परिजनांच्या घरी थोड्याफार फरकाने आज हेच चालू आहे. म्हणून त्या वर्षांकडे पाहू या.

काशीत जन्मलेल्या मणिकर्णिकेची आई भागीरथीबाई लवकर वारली. वडील मोरोपंत तांबे मुलीला घेऊन बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला आले. आईविना वाढलेली ही मुलगी पुरुषांच्या सहवासात घोड्यावर बसायला आणि तलवार चालवायला शिकली. 1842 मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी तिचे लग्न झाले. वर बिजवर होते आणि वयाने कितीतरी मोठे. त्यांना नाटकांची आवड होती, ग्रंथांचा संग्रह होता, आणि स्वभाव तापट होता.

या तापटपणाचा विचार करताना झाशीची छावणी विसरू नये. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार गंगाधररावांना मिळाले ते कंपनीची फौज झाशीत ठेवण्याच्या अटीवर, आणि त्या फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यावा लागला. किल्ल्यात राजा आणि शहराबाहेर छावणीत गोरे अधिकारी. बाहेर गिळावा लागलेला अपमान माणूस घरी ओकतो, हे आपण आपल्या आसपासही पाहतो. पतीच्या हयातीत लक्ष्मीबाईंना बहुतांशी पडद्यात राहावे लागले, असे चरित्रकार सांगतात. बिठूरच्या मोकळ्या मैदानात वाढलेल्या मुलीला ते किती जड गेले असेल!

1851 मध्ये मुलगा झाला. झाशीत आनंदीआनंद झाला, आणि काही महिन्यांतच बाळ गेले. गंगाधरराव या धक्क्यातून सावरले नाहीत. पुढे पोटाचा विकार जडला, अन्न तुटले, प्रकृती ढासळत गेली. गेलेले मूल लक्ष्मीबाईंचेही होते, पण खचलेल्या माणसाची सेवा करणाऱ्याला स्वतःच्या दुःखासाठी वेळ मिळत नाही. आजारी माणसाची चौकशी सगळे करतात, त्याच्या उशाशी बसलेल्या बाईला कोणी विचारत नाही. त्या काळात खिन्नतेला आजार मानून उपचार करणारे फारसे नव्हते. आज आहेत. घरातले कोणी दिवसेंदिवस बोलेनासे झाले, जेवेनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागले, तर साधनेबरोबर डॉक्टरही हवा. यात श्रद्धेला कमीपणा नाही. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. सेवा करणाऱ्यानेही तो क्रमांक फिरवायला हरकत नाही.

20 नोव्हेंबर 1853 रोजी गंगाधररावांनी नेवाळकर घराण्यातल्याच आनंदराव या पाच वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन हे इंग्रज अधिकारी त्या वेळी हजर होते. दुसऱ्या दिवशी महाराज गेले. काही महिन्यांतच डलहौसीने दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. वर्षाला 60,000 रुपये पेन्शन ठरली, किल्ला सोडावा लागला, राणी शहरातल्या वाड्यात राहायला आल्या.

या दिवसांत लक्ष्मीबाई काय करत होत्या? वरसईचे विष्णुभट गोडसे पुढे झाशीत राहून आले. त्यांचे ‘माझा प्रवास’ आणि नंतरची चरित्रे यांतून त्यांची दिनचर्या कळते. पहाटे उठणे, व्यायाम, स्नान, पूजा, पुराणश्रवण, घोड्यावरची रपेट. मंगळवारी आणि शुक्रवारी तलावाकाठच्या महालक्ष्मीचे दर्शन. केशवपन केले नाही म्हणून रोजचे प्रायश्चित्तही त्या चुकवत नसत. मनात काहूर असताना शरीराला ठरलेल्या वेळी ठरलेले काम दिले, की विचारांना पळायला मोकळे रान उरत नाही. काळजी संपत नाही, पण तिला दिवसाचा सगळा वेळ मिळत नाही. हा नियम त्यांनी सुखाच्या दिवसांसाठी राखून ठेवला नव्हता, आणि आपल्यापैकी अनेकांचा नियम नेमका घरी अडचण आली की मोडतो.

अन्यायापुढे मात्र त्या गप्प राहिल्या नाहीत. अर्जांमागून अर्ज पाठवले. 1854 मध्ये जॉन लँग या वकिलाला सल्ल्यासाठी बोलावले. मन शांत ठेवणे आणि मुकाट सोसणे यांतला फरक इथे दिसतो. त्या भेटीत राणी पडद्याआड बसून बोलत होत्या, आणि लहानग्या दामोदररावाने मधेच पडदा बाजूला केला, असे लँगने लिहून ठेवले आहे. एवढ्या गंभीर मसलतीच्या वेळी मूल जवळच होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. हे मूल गेलेल्या बाळाची जागा भरायला आले नव्हते, कोणतेच मूल तशी जागा भरत नाही. पण ते घरात होते आणि त्याला आई हवी होती. पुढे त्याची मुंज करायची तर त्याच्याच नावे सरकारने ठेवलेल्या रकमेतून एक लाख रुपये मिळण्यासाठी राणींना जामीन उभे करावे लागले. त्यांनी ते केले आणि मुंज थाटात लावली.

जून 1857 मध्ये छावणीतल्या शिपायांनी स्टार फोर्ट ताब्यात घेतला आणि त्यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. 4 एप्रिल 1858 च्या रात्री राणींनी झाशी सोडली तेव्हा दामोदरराव बरोबर होता. मागे राहिलेले शहर लुटले गेले. वडील मोरोपंत पकडले गेले आणि त्यांना फाशी देण्यात आली. जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडल्या.

दामोदरराव वाचला. विश्वासू माणसांनी त्याला रानावनांतून लपवत फिरवले, आणि शेवटी तो इंग्रजांच्या तुटपुंज्या पेन्शनीवर इंदूरला राहिला. 1906 मध्ये तो वारला. झाशीचे राज्य त्याला कधीच मिळाले नाही. त्याचे वंशज मात्र आजही आडनाव झाँसीवाले असेच लावतात.