माडांची बाग सोडून धम्माच्या शोधात : धर्मानंद कोसंबी

आपल्या आजोबा-पणजोबांनी गाव सोडलं ते बहुतेक पोटासाठी, आणि माणूस म्हणून ताठ मानेनं जगता यावं म्हणून. मागे सोडायला त्यांच्याजवळ फारसं काही नव्हतंच. पण ज्याचं घर आहे, माडांची बाग आहे, बायको आहे, पाळण्यात तान्ही मुलगी आहे, असा माणूस भगवान बुद्धांचा धम्म शिकण्यासाठी सगळं टाकून निघाला, तर त्याची हकीकत आपल्या मुलाबाळांना ठाऊक असायलाच हवी. विहाराच्या वर्धापनदिनी अशाच एका माणसाचं स्मरण करू या. त्यांचं नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. शिक्षण म्हणाल तर मराठी शाळेपुरतं. १८९१ साली, कोवळ्या वयातच, बाळाबाईंशी लग्न झालं. बाग सांभाळायची आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचायचं, असे दिवस चालले होते. अशात एकदा ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धांचं चरित्र वाचलं. मुलांसाठी लिहिलेला साधा लेख तो! पण तो वाचल्यापासून त्यांना चैन पडेना. बुद्धांची शिकवण मुळातून समजून घ्यायची, हा एकच ध्यास लागला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. वय अवघं २३. मुलगी माणिक काही महिन्यांची.

आधी ते पुण्याला गेले. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पाली शिकण्याआधी संस्कृत यायला हवं, म्हणून १९०० साली काशी गाठली. अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे शिकायचं, असे हाल सोसले. १९०२ मध्ये बुद्धधम्म पाहायला म्हणून नेपाळात गेले, पण तिथली धम्माची अवस्था पाहून मन खट्टू झालं. मग बोधगया, तिथून कलकत्ता, आणि शेवटी समुद्र ओलांडून सिलोन, म्हणजे आजचं श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले. पुढे ब्रह्मदेशात राहून ध्यानसाधना केली. कुठे भाषा येत नाही, कुठे खिशात पैसा नाही. पण माघार घेतली नाही.

आता एक प्रश्न आपल्या आयाबहिणी विचारतील, आणि तो रास्तच आहे. इकडे बाळाबाईंचं काय? नवरा परत येईल की नाही, हे माहीत नाही. पदरात लहान मुलगी. लोक काय काय बोलले असतील! जवळजवळ सात वर्षं त्या माउलीनं अशीच काढली. धर्मानंदांच्या विद्वत्तेचा गौरव करताना या त्यागाचा हिशेब कुणी मांडत नाही. तो मांडला पाहिजे. एकजण घर सोडतो, तेव्हा दुसरं कुणीतरी ते घर सावरत असतं.

१९०६ साली धर्मानंदांनी चीवर उतरवलं आणि ते पुन्हा संसारात आले. १९०७ साली मुलगा दामोदर जन्मला. हेच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजलेले डी. डी. कोसंबी. त्या वेळी धर्मानंद कलकत्त्याला पाली शिकवत होते. तिथल्या विद्यापीठात त्यांना महिना २५० रुपये मिळण्याजोगे होते. बडोद्याचे सयाजीराव महाराज देऊ करत होते ५० रुपये, पण अट अशी की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले! परक्या मुलखात जे मिळवलं ते आपल्या माणसांना आपल्या भाषेत द्यायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं.

१९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. पुढेही त्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा तिकडे जावं लागलं. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या गिरणगावात ‘बहुजनविहार’ उभा राहिला, तो त्यांच्याच प्रयत्नानं. कामगारांच्या वस्तीत धम्म पोहोचावा, हा त्यामागचा हेतू होता.

आपल्या दृष्टीनं एक गोष्ट फार मोलाची आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थानं रात्री गुपचूप घर सोडलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पाली ग्रंथ तपासून धर्मानंदांनी ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकात ती नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्यातलं भांडण आणि हाती शस्त्र घेण्याची वेळ, यांमुळे सिद्धार्थाचं मन उडालं आणि आईबापांच्या डोळ्यांदेखत तो निघाला, असं त्यांनी मांडलं. पुढे १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनीही चार दृश्यांची कथा बाजूला सारली आणि रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद मांडला. स्वतः घर सोडलेल्या माणसाला हा प्रश्न किती जवळचा वाटला असेल, बघा!

अखेरच्या दिवसांत अन्न सोडून ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला, त्यामुळे हा शेवट आपल्याला पटेलच असं नाही. नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखोंनी धम्म स्वीकारला. ते पाहायला धर्मानंद नव्हते.

धम्म शिकायला त्यांना समुद्रापार जावं लागलं. आपल्याला घरापासून विहारापर्यंत चालत यायचं आहे. त्यांची पुस्तकं मराठीतच आहेत. रविवारी मुलांना घेऊन या आणि त्यातलं एकेक पान मोठ्यानं वाचा. आणि घरी जाऊन बाळाबाईंचीही गोष्ट सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!