शाहू महाराजांची मिल आणि आपण

आरक्षणाचे जनक म्हणून राजर्षी शाहू महाराजांना आपण दरवर्षी २६ जूनला अभिवादन करतो. पण कारखाना उभारणारे शाहू महाराज आपल्या भाषणांत क्वचितच येतात.

१८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के नोकऱ्या राखीव ठेवण्याचा हुकूम निघाला. त्यानंतर चार वर्षांनी, १९०६ मध्ये, संस्थानाच्या पुढाकाराने शाहू छत्रपती स्पिनिंग अँड विव्हिंग मिल सुरू झाली. पाठोपाठ राधानगरी धरणाची योजना आली. आम्हाला हे सगळे एकाच धाग्यातले वाटते. सरकारी नोकऱ्या मूठभरच असतात. बाकीच्यांच्या पोटाचे काय, हा प्रश्न राजापुढे होताच.

कारखाना निघाला म्हणून जात सुटत नाही, हेही ध्यानात ठेवू. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. जास्त पगाराचे काम त्यामुळे आपल्या माणसांच्या हाती लागत नव्हते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला.

शाहू महाराजांनाही हे ठाऊक असावे. गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले. धंदा काढून दिला तरी गिऱ्हाईक जात बघूनच पायरी चढणार, हे ते ओळखून होते. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७.

मिल मात्र चालत राहिली. संस्थान विलीन झाले, पुढे मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००३ मध्ये बंद पडली. शहराच्या मधोमध मोक्याची जागा, त्यामुळे गारमेंट पार्कपासून स्मारकापर्यंत अनेक बेत झाले. २०२२ च्या स्मृतिशताब्दीत ६ मे रोजी कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले, आणि मिलच्या आवारात कार्यक्रम झाले.

स्मारक व्हायलाच हवे. पण नुसता पुतळा आणि बगीचा करून भागणार नाही. दगडी इमारती पाडू नयेत, उरलेली यंत्रे भंगारात जाऊ नयेत. हजेरीपट मिळाले तर तेही जपावेत. कोणत्या खात्यात कोणत्या वस्तीची माणसे होती, हे त्यांतून कळेल. मिलमध्ये राबलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. कोल्हापूर परिसरातल्या आपल्या तरुणांनी मोबाईल घेऊन त्यांच्या घरी जावे, आठवणी रेकॉर्ड कराव्यात. हे काम यंदाच सुरू करावे, अशी आमची विनंती आहे.