विश्लेषण : मोडकी ऑस्टिन ते पपई रंगाची मॅकलॅरेन... शर्यतीच्या गाड्या घडवणारा ब्रूस मॅकलॅरेन कोण होता?

फॉर्म्युला वनची शर्यत सुरू झाली की पिकल्या पपईच्या रंगाच्या दोन गाड्या चटकन नजरेत भरतात. मॅकलॅरेन संघाच्या या गाड्यांनी २०२४ मध्ये तब्बल २६ वर्षांनी सांघिक विजेतेपद पटकावले. मॅकलॅरेन हे नाव आज गाड्यांचे म्हणून ओळखले जात असले, तरी मुळात ते एका माणसाचे आडनाव आहे. न्यूझीलंडमध्ये वडिलांच्या गॅरेजात गाडी जोडायला शिकलेला हा मुलगा पुढे शर्यतीचा विजेता झाला, गाड्या बनवणारा झाला आणि स्वतःच बनवलेल्या गाडीची चाचणी घेताना अवघ्या ३२व्या वर्षी गेला. गाडी काही विचित्र वागू लागली की तिला गप्प करण्याआधी ती तशी का वागते हे पाहायचे, ही त्याची सवय होती. त्याच्या यशाचे मर्म त्या सवयीत सापडते.

सुरुवात कशी झाली?

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी ऑकलंडमध्ये झाला. वडील लेस आणि आई रूथ यांचा रेमुएरा भागात पेट्रोल पंप आणि गॅरेज होते. कुटुंब राहायचे तिथेच. त्यामुळे पाने, स्पॅनर आणि ऑइलचा वास ही ब्रूसची पहिली खेळणी.

नवव्या वर्षी तो लंगडू लागला. निदान झाले पर्थेस आजाराचे. यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि वाढत्या वयातच हाड झिजू लागते. त्या काळी उपचार एकच, पायाला वजन बांधून महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहणे. खेळायच्या वयातली जवळपास दोन वर्षे अशीच गेली. तो पुन्हा चालू लागला, पण डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला आणि चाल आयुष्यभर किंचित लंगडती. रग्बीवेड्या देशात या मुलाला रग्बीचे मैदान बंद झाले. उरले ते गॅरेज.

पहिली गाडी कोणती?

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांनी एक जुनी गाडी आणली. १९२९ची ऑस्टिन सेव्हन, अल्स्टर मॉडेल. गाडी आली ती सुट्या भागांत. ब्रूस आणि वडिलांनी ती एकेक भाग तपासत उभी केली. इंजिन ७४७ सीसीचे, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही लहान. ब्रेक सायकलसारखे तारेवर ओढले जाणारे.

या गाडीचे वागणे घरात नव्याने आणलेल्या खोडकर पिल्लापेक्षा वेगळे नव्हते. समोर जा म्हटले की बाजूला ओढ, थांब म्हटले की आणखी चार पावले पुढे. घरात पिल्लू असेल त्यांना हे चांगलेच ठाऊक असेल. पिल्लू चप्पल कुरतडते तेव्हा एक उपाय असतो त्याला बांधून ठेवण्याचा. दुसरा असतो ते का कुरतडते हे पाहण्याचा. बहुतेक वेळा त्याला दात येत असतात. चप्पल उचलून चघळायला दुसरे काही दिले की खोडी थांबते.

ब्रूस हा दुसऱ्या उपायाचा माणूस होता. गाडी कुठे ओढते, ब्रेक दाबल्यावर कोणते चाक आधी अडते, वळणावर मागची बाजू कधी सुटते याच्याकडे त्याचे लक्ष असायचे. चौदा-पंधरा वर्षांचा असताना याच ऑस्टिनमधून त्याने मुरिवाईच्या चढावरची पहिली स्पर्धा केली.

युरोपपर्यंत कसा पोहोचला?

ब्रूसने ऑकलंडमध्ये इंजिनीअरिंगच्या शिक्षणाला सुरुवात केली, पण ते पूर्ण झाले नाही. स्थानिक शर्यतींतली कामगिरी पाहून १९५८ मध्ये त्याला युरोपात जाऊन शर्यती करण्यासाठीची शिष्यवृत्ती मिळाली. ती मिळवणारा तो पहिलाच. ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहम त्याच्या पाठीशी उभा राहिला आणि इंग्लंडमधल्या कूपर कंपनीचे दार उघडले.

त्याच वर्षी जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर तो कमी ताकदीची फॉर्म्युला टू गाडी घेऊन उतरला. आपल्या गटात पहिला आणि मोठ्या गाड्यांसकट एकूण पाचवा आला. पुढच्या वर्षी कूपरच्या मुख्य संघात त्याची निवड झाली.

१२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेत सेब्रिंगला मोसमातली शेवटची शर्यत होती. शेवटच्या फेरीत आघाडीवर असलेल्या ब्रॅबहमचे इंधन संपले आणि ब्रूस पहिला आला. मागून ब्रॅबहम स्वतःची गाडी ढकलत रेषेपार गेला, चौथा आला आणि जगज्जेता ठरला. ब्रूस तेव्हा २२ वर्षांचा होता. इंडियानापोलिसची शर्यत सोडली, तर फॉर्म्युला वन शर्यत जिंकणारा सर्वात तरुण ड्रायव्हर हा त्याचा मान २००३ पर्यंत टिकला. तो मोडला फर्नांडो अलोन्सोने. १९६०च्या जगज्जेतेपदाच्या शर्यतीत ब्रूस ब्रॅबहमच्या पाठोपाठ दुसरा होता. १९६२ मध्ये त्याने मोनॅकोही जिंकले.

मग स्वतःचा संघ कशासाठी?

१९६४च्या सुरुवातीला न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात टास्मान मालिका होणार होती. नियम वेगळे होते, इंजिन २.५ लिटरपर्यंतचे आणि शर्यती लहान. म्हणजे इंधनाची मोठी टाकी नको, गाडी सडपातळ हवी. ब्रूसला खास त्यासाठी गाड्या हव्या होत्या, पण कूपर कंपनीला त्यात फारसा रस नव्हता. त्याने सप्टेंबर १९६३ मध्ये स्वतःची कंपनी काढली. ब्रूस मॅकलॅरेन मोटर रेसिंग.

ऑफिस म्हणजे लंडनजवळ न्यू माल्डनला एक शेड. जमीन मातीची. शेजारी रस्ता सपाट करणारे भले मोठे यंत्र उभे असायचे. माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या गाड्यांनी टास्मान मालिका जिंकली, पण शेवटच्या टप्प्यात टास्मानियातल्या लाँगफर्डला सरावात संघाचा दुसरा ड्रायव्हर, तरुण अमेरिकी टिमी मेयर अपघातात गेला. संघ तिथेच मोडू शकला असता. उलट टिमीचा भाऊ टेडी मेयर, जो वकील होता, तो ब्रूसचा भागीदार झाला. हिशेब आणि करार टेडीकडे, गाडी ब्रूसकडे, अशी वाटणी झाली.

थडथडणाऱ्या झाकणाने काय शिकवले?

ब्रूस गाडीकडे कसे पाहायचा हे सांगणारा एक किस्सा मोटर रेसिंगच्या जगात आजही सांगितला जातो. सुरुवातीच्या एका मॅकलॅरेन गाडीची चाचणी सुरू होती. समोर, इंधन भरायच्या तोंडावरचे छोटे झाकण वेग वाढला की थडथडू लागे. कुणीही म्हणाले असते, काम कच्चे झाले आहे, चिकटपट्टी लावा. ब्रूसलाही आधी वैताग आला.

मग त्याच्या लक्षात आले की हे उलटे आहे. समोरून येणारा वारा झाकणाला दाबून बसवायला हवा. हे तर वेग वाढेल तसे जास्त उडते आहे. म्हणजे खालून कुणी तरी ते वर ढकलते आहे.

वादळात घराचे पत्रे उडतात तसाच हा प्रकार. वारा पत्र्यावरून वेगाने जातो तेव्हा वरचा दाब कमी होतो. आत शिरलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसते, ती पत्रा वर उचलते. गाडीतही रेडिएटरमधून आत आलेली हवा बॉडीखाली कोंडत होती. त्याचे दोन तोटे. एक म्हणजे नवी हवा आत येईना, म्हणून इंजिन नीट थंड होत नव्हते. दुसरा म्हणजे गाडीचा पुढचा भाग उचलला जात होता आणि टायरची रस्त्यावरची पकड सुटत होती.

ब्रूसने गाडी पिटमध्ये आणली, पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागची बॉडी कापून भोके पाडली. पुन्हा गाडीत बसला. फेरीची वेळ लगेच कमी झाली. पुढे या भोकांना नाकपुड्या असे नाव पडले.

लाकडाची फॉर्म्युला वन गाडी?

१९६६ मध्ये मोनॅकोला पहिली फॉर्म्युला वन मॅकलॅरेन उतरली, एम२बी. तिचा रचनाकार रॉबिन हर्ड विमान संशोधनातून आलेला. तिच्या सांगाड्यासाठी त्याने मॅलाइट नावाचे साहित्य वापरले. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बाल्सा लाकडाचा थर, म्हणजे जवळजवळ सँडविच. त्यामुळे सांगाडा हलका आणि कडक झाला. इंजिन मात्र जड आणि गळके. पहिल्याच शर्यतीत तेलगळतीने गाडी थांबली. पहिला गुण त्याच वर्षी ब्रँड्स हॅचला मिळाला.

त्याच वर्षी ब्रूसने ख्रिस एमनसोबत फोर्डची गाडी चालवून ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. फोर्ड आणि फेरारीच्या संघर्षावरच्या २०१९च्या चित्रपटात ज्या शर्यतीचा शेवट दिसतो, तीच ही. फोर्डच्या गाड्यांनी एकत्र रेषा ओलांडली. ब्रूस आणि एमनची गाडी सुरुवातीला जास्त मागे उभी होती, म्हणजे त्यांनी जास्त अंतर कापले, या हिशेबाने विजय त्यांना मिळाला.

९ जून १९६८ रोजी बेल्जियममध्ये स्पा इथे ब्रूस पहिला आला. मॅकलॅरेन गाडीचा हा पहिला फॉर्म्युला वन विजय. स्वतःच्या नावाच्या गाडीतून असा विजय मिळवणारा ब्रॅबहमनंतरचा तो दुसराच. तिसरा आजवर झालेला नाही.

११ पैकी ११ कसे जिंकले?

संघाचे पोट भरत होते ते अमेरिका आणि कॅनडातल्या कॅन-अॅम मालिकेवर. तिथे इंजिनाच्या आकारावर जवळपास बंधनच नव्हते आणि बक्षिसे मोठी. १९६७ मध्ये गाड्यांना पपईचा रंग लागला आणि विजेतेपद ब्रूसला मिळाले. १९६८ मध्ये ते त्याचा न्यूझीलंडचाच सहकारी डेनी हल्मकडे गेले, १९६९ मध्ये पुन्हा ब्रूसकडे. त्या १९६९च्या मोसमात शर्यती होत्या ११ आणि अकराही मॅकलॅरेनने जिंकल्या. सहा ब्रूसने, पाच हल्मने.

गाडीच्या मागे उंच खांबांवर विमानाच्या पंखासारखी फळी होती. फरक एवढाच की विमानाचा पंख वर उचलतो, ही फळी खाली दाबते. १९७० साठी असे उंच पंख बंद झाले. म्हणून नव्या एम८डी गाडीत पंख मागच्या बॉडीवरच, दोन उभ्या पाखांच्या मध्ये बसवला.

गुडवुडला काय घडले?

२ जून १९७० रोजी इंग्लंडमध्ये गुडवुडच्या ट्रॅकवर ब्रूस एम८डीची चाचणी घेत होता. शर्यत नव्हती, प्रेक्षक नव्हते. सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात असताना मागची बॉडी सुटून उडाली. तिच्यासोबत पंखाचा दाबही गेला. मागची चाके हलकी झाली, गाडी गरगर फिरली आणि रस्त्याकडेच्या, वापरात नसलेल्या एका पक्क्या बांधकामावर आदळली. ब्रूस जागीच गेला. मागे पत्नी पॅटी आणि साडेचार वर्षांची मुलगी अमांडा.

थडथडत्या झाकणाने ज्याला वाऱ्याचा धडा दिला, त्याचाच घात वाऱ्याने उचललेल्या पत्र्याने केला. एक फरक मात्र लक्षात घ्यायला हवा. झाकणाने आधी थडथडून सांगितले होते. या पत्र्याने काही सांगण्याइतका वेळच दिला नाही. चाचणी ड्रायव्हर हे काम इतके धोक्याचे का असते, याचे उत्तर इथे आहे. गाडीची खोड शर्यतीआधी शोधायची तर कुणाला तरी ती आधी सोसावी लागते. ब्रूस हे काम दुसऱ्यावर न टाकता स्वतः करायचा.

संघ टिकला कसा?

अपघातानंतर कामगारांना दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायला सांगितले होते, तरी सकाळी सगळे कामावर हजर झाले, असे सांगितले जाते. बाराच दिवसांनी, १४ जूनला कॅनडात मॉस्पोर्टला मोसमाची पहिली शर्यत होती. संघ उतरला. ब्रूसच्या जागी आलेल्या डॅन गर्नीने ती जिंकली. मे महिन्यात इंडियानापोलिसच्या सरावात हात भाजलेला हल्म पट्ट्या बांधून गाडी चालवत होता. त्या वर्षीचे विजेतेपद त्याने मिळवले. दहापैकी नऊ शर्यती मॅकलॅरेनच्याच.

पुढे १९७४ मध्ये इमर्सन फिटिपाल्डीने संघाला पहिले फॉर्म्युला वन जगज्जेतेपद मिळवून दिले. १९८१ मध्ये याच संघाने कार्बन फायबरच्या सांगाड्याची पहिली फॉर्म्युला वन गाडी आणली. हलके आणि कडक साहित्य शोधण्याचा जो नाद बाल्सा लाकडापासून सुरू झाला होता, त्याची ही पुढची पायरी. आज प्रत्येक फॉर्म्युला वन ड्रायव्हर कार्बन फायबरच्या सांगाड्यात बसतो आणि एरवी जीव घेतील अशा अपघातांतून चालत बाहेर येतो.

इंग्लंडमधल्या वोकिंगला मॅकलॅरेनचे आलिशान मुख्यालय आहे. तिथे जगज्जेत्या गाड्यांच्या रांगेत एक छोटी, जुनाट ऑस्टिन सेव्हनही उभी असते. ७४७ सीसीची, तारेच्या ब्रेकची.