मार्कशीटवरचं नाव आणि खंजिरी

प्रत्येक सेमिस्टरला हातात येणाऱ्या मार्कशीटवर सगळ्यात वर एक नाव छापलेलं असतं. आपली नजर मात्र थेट खाली, एम-थ्रीच्या मार्कांवर जाते. नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव २००५ साली मिळालं. महाराज थोर समाजसुधारक होते, हे भाषणांतून सगळेच सांगतात. पण मुळात ते स्वतः गाणी रचणारे आणि स्वतःच गाणारे होते, हे कुणी फारसं सांगत नाही. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना बॉब डिलन माहीत असतो, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला हा गायक मात्र माहीत नसतो.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, यावलीचा. मूळ नाव माणिक. घरची गरिबी, शाळा प्राथमिकच्या पुढे गेली नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्यांनी गुरू मानलं आणि 'तुकड्या' हे नावही त्यांच्याकडूनच मिळालं. पुढे हेच नाव भजनाच्या शेवटच्या ओळीत सहीसारखं येऊ लागलं. तरुणपणी रामटेक, सालबर्डी, रामदिघी अशा जंगलांत ते भटकले आणि गावोगाव भजनं करत फिरले.

त्यांचं वाद्य म्हणजे खंजिरी. एक लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं आणि कड्यात बसवलेल्या झांजेच्या चकत्या. म्हणजे ताल आणि झंकार दोन्ही एकाच हातात! लाइट नको, अँप्लिफायर नको, पिशवीत टाकलं की निघाले. गाण्याचंही तसंच. शब्द रोजच्या बोलण्यातले, मराठी किंवा सोपी हिंदी. चाल अशी की दुसऱ्यांदा ऐकताना लोक धृपद उचलतील. छापलेल्या पुस्तकात ही भजनं वाचली तर ती थोडी सपाट वाटतात, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. एकच गोष्ट तीनदा सांगितलेली असते. पण ती डोळ्यांनी वाचायला लिहिलेलीच नव्हती. शंभर माणसांनी एकत्र म्हणायला लिहिली होती, आणि शंभर जणांना एकत्र म्हणायचं तर ओळ सोपीच हवी. (आपल्या गॅदरिंगच्या बँडने याचा विचार करावा!)

१९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. आपण तळेगाववरून अमरावतीकडे निघालो की वाटेत मोझरी लागतं. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून महाराज सेवाग्रामला आले. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. महिनाभर ते आश्रमात राहिले, तिथल्या प्रार्थनेत गायले. त्यानंतर त्यांच्या भजनांत देवाबरोबर देशही जास्त दिसू लागला.

मग १९४२ आलं. साध्या माणसाच्या हातातल्या साध्या वस्तूच आता हत्यारं होतील, अशा अर्थाचं त्यांचं भजन चिमूर भागात गाजत होतं. १६ ऑगस्टला चिमूर पेटलं आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातलं आष्टीही. गोळीबार झाला, गावकरी मेले, पोलीस आणि अधिकारीही मेले. चिमूरमध्ये नंतर स्त्रियांवर अत्याचार झाले आणि त्याच्या चौकशीसाठी सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. महाराजांनाही त्याच महिन्यात अटक झाली. आधी नागपूरच्या, मग रायपूरच्या जेलमध्ये त्यांना ठेवलं. सरकार एका भजन म्हणणाऱ्याला घाबरलं, असं आपण अभिमानाने म्हणतो. पण मला वाटतं, हा प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. आपण रचलेली ओळ तोंडात घेऊन माणसं गोळीसमोर गेली, हे गाणाऱ्याला नंतर कसं वाटलं असेल?

सुटून आल्यावर त्यांनी गाणं सोडलं नाही. पण भर बदलला. गुरुदेव सेवा मंडळाची संघटना, गावसफाई, दारूबंदी, अस्पृश्यता, सामुदायिक प्रार्थना हे विषय पुढे आले. संडास आणि कचरा यांवर गाणारा संत म्हणजे कमालच! ओवी हा ज्ञानेश्वरांचा छंद त्यांनी थेट गावच्या कारभारासाठी वापरला, तीच ४१ अध्यायांची 'ग्रामगीता'. ती १९५५ ची. त्याच वर्षी ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले आणि खंजिरी तिथेही वाजली. विनोबांच्या भूदानासाठी ते गावोगाव गायले, १९६२ आणि १९६५ च्या युद्धात सीमेवर जाऊन जवानांसमोर गायले. एवढा सगळा प्रवास झाला, पण वाद्य तेच राहिलं.

११ ऑक्टोबर १९६८ ला, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी ते गेले. त्यांची समाधी मोझरीलाच आहे. दरवर्षी पुण्यतिथीला तिथे विदर्भातून हजारो लोक येतात. आपल्या मेसच्या काकांसारखे, शेतकरी, बायाबापड्या, शाळेची पोरं. दुपारी बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे मौन उभे राहतात. रस्त्यावरच्या एसटी गाड्यासुद्धा थांबतात म्हणे. त्या आधी आणि नंतर मात्र खंजिरी चालूच असते.